इतरांना वाचता येईल

शकूताई चपला न काढताच आत आल्या. संगणकाच्या खोलीत चपला आणू नयेत अशी पाटी मीच लावली होती आणि ती सगळ्यांत काटेकोरपणे पाळणाऱ्या त्याच होत्या. शुक्रवार होता, सकाळचे साडेदहा. त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत.

"श्रेणिक, काल दुपारी आमच्या 'वळचणी'च्या दारात दोन माणसं आली होती."

"कोण?"

"कांचनचा नवरा आणि बरोबर आणखी एक. अशी बाई इथं राहते का, असं विचारलं नाही त्यांनी. सरळ म्हणाले, तीन नंबरच्या खोलीत, विहिरीकडच्या अंगाला, कांचन आहे, तिला बाहेर काढा. पोरीचं नावसुद्धा घेतलं."

"मग?"

"पोरीला खोकला होता म्हणून मी दोघींना दवाखान्यात नेलं होतं, तेवढ्यानं वाचल्या. राखणीच्या मावशीनं दार लावून घेतलं आणि आतून बोंब ठोकली. गेले. पण जाताना सांगून गेले, परत येतो म्हणून."

मी उभा राहिलो होतो. पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"खोलीचा नंबर एकाच ठिकाणी लिहिलेला आहे," त्या म्हणाल्या. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात आमचा सर्व्हर गुरगुरत होता, त्याच्याकडे त्यांनी बोट केलं. "तुझ्या या यंत्रातून गेलं का रे हे?"

"शक्यच नाही, ताई. प्रत्येकाला पासवर्ड आहे."

हे मी इतक्या ठामपणे म्हणालो की माझं मलाच खरं वाटलं.

सांगलीत तेव्हा आमचं हे केंद्र नवंनवं होतं. जिल्ह्यातल्या अकरा लहानमोठ्या संस्थांना मिळून एकच सर्व्हर, त्यावर प्रत्येक संस्थेची वेबसाइट, आणि तो सांभाळायला मी. पंचवीस वर्षांचा, डिप्लोमा झालेला, आणि आपल्याला सगळं कळतं अशी खात्री असलेला. शहाणपणाचा कळस म्हणतात तो त्या वयात फार लवकर चढतो. प्रत्येक संस्थेला सर्व्हरवर एक जागा दिलेली होती, तिला आम्ही 'घर' म्हणायचो. वाचनालयाचं घर, अंधशाळेचं घर, कुस्तीच्या तालमीचं घर. आणि एक घर वळचणीचं.

वळचण म्हणजे शकूताईंनी चालवलेला बायकांचा आसरा. शहराबाहेर जुन्या पिठाच्या गिरणीमागे सात खोल्या. पाटी नाही, फलक नाही. नाव असं का ठेवलं, हे मी विचारलं होतं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पावसात वळचणीला उभ्या राहिलेल्या माणसाला कुणी नाव-गाव विचारत नाही, म्हणून." शकूताई आरवाडे तीस वर्षं सरकारी कचेरीत अभिलेख कक्षात होत्या. निवृत्त झाल्यावर फंड मोडून त्यांनी हे उभं केलं. वळचणीची नोंदवही दोनदा वाळवीनं खाल्ली, तेव्हा त्यांनी ती संगणकात घालायचं ठरवलं आणि टाइप करायला आणलं ते कांचनला.

कांचन सातवी शिकलेली. दोन महिन्यांत ती माझ्यापेक्षा जलद मराठी टाइप करायला लागली. मान वर न करता काम करायची. डाव्या खांद्यावरून पदर कधी ढळू द्यायची नाही. तिच्या नवऱ्यानं तिच्यावर रॉकेल ओतून काडी ओढली होती. काडेपेटी ओली होती म्हणून ती पेटली नाही. दुसरी पेटी आणायला तो शेजारी गेला, तेवढ्यात ही पोरीला काखेत मारून मागच्या दारानं निघाली. हे मला शकूताईंनी सांगितलेलं. कांचननं मला स्वतःबद्दल कधी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

"पासवर्ड आहे ना? मग त्या माणसाला स्वप्न पडलं का?" शकूताई म्हणाल्या. "बरं, ते जाऊ दे. मला आज एकच गोष्ट पाहिजे. नोंदवहीच्या शेजारीच दुसरी यादी आहे. पुढच्या घरांची. बाईला इथं धोका झाला तर तिला कुठं पाठवायचं, ती घरं. चार आहेत. चार वाजता आजऱ्याची गाडी आहे. तिथं माझी मैत्रीण आहे, तिला मी फोन केलाय. ती दुसरी यादी कुणी वाचली असेल तर मी कांचनला त्या गाडीत बसवणार नाही. वाचली नसेल तर बसवणार. तेवढं मला दोन वाजेपर्यंत सांग."

"आत्ता बघतो," मी म्हणालो.

आणि त्यांच्या देखतच ती यादी उघडली. चार नावं, चार पत्ते, कुठल्या एसटीनं जायचं, कुठल्या थांब्यावर उतरून काय खूण सांगायची. सगळं कांचनच्या नीटनेटक्या टायपिंगमध्ये. एवढं सगळं तिथं लिहिलेलं असेल, याची मला कल्पनाच नव्हती. मी ती पटकन बंद केली. शकूताई पिशवी घेऊन निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, "तिच्यावर मी 'गोपनीय' असं लिहायला लावलं होतं रे."

ते खरं होतं. वळचणीच्या घरात एक फोल्डर होता आणि त्याचं नाव रोमन अक्षरांत 'गोपनीय' असं होतं. शकूताईंच्या कचेरीत तीस वर्षं हाच रिवाज होता. फायलीवर लाल पेन्सिलनं 'गोपनीय' लिहायचं, खाली दोन रेघा मारायच्या आणि ती उघड्या मांडणीवर बाकीच्यांबरोबर ठेवून द्यायची. त्या सांगायच्या, तीस वर्षांत अशा फायलीला कुणी हात लावला नाही. शिपाईसुद्धा ती धरताना तोंड दुसरीकडे करायचा.

त्या गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदा, खरं म्हणजे पहिल्यांदाच, वळचणीच्या घराला कुलूप आहे का ते नीट बघितलं.

अशा सर्व्हरवरची प्रत्येक फाइल तीन जणांचा विचार करते. एक तिचा मालक, दुसरा त्याचा गट आणि तिसरे इतर. कुणाला वाचता येईल, कुणाला लिहिता येईल, ते या तिघांसाठी वेगवेगळं ठरवायचं असतं. पुण्याहून सर्व्हर आला तेव्हा तो बसवणाऱ्या माणसानं मला एक कागद दिला होता. पहिल्या दिवशी करायच्या सुरक्षेच्या गोष्टी. तो कागद माझ्यासमोर भिंतीला चिकटवलेला होता. बहुतेक ओळींसमोर बरोबरची खूण होती. 'प्रत्येकाचं घर इतरांना बंद करा' या ओळीसमोर नव्हती.

विसरलो होतो, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी ते मुद्दाम सोडलं होतं. खेड्यापाड्यांतून माणसं येतात, त्यांना वेबपान कसं करतात ते कोण शिकवणार? म्हणून मी सगळ्यांना सांगायचो, "हिंडा सगळ्यांच्या घरांतून. दुसऱ्यानं कसं केलंय ते बघा आणि शिका." त्या कागदावर, त्या ओळीपुढे, मी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: 'इतरांना वाचता येईल.' मला ते फार उदार वाटलं होतं. एकदा एका कार्यक्रमात मी ते भाषणातसुद्धा सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

वळचणीचं घरही तसंच होतं. सताड उघडं. पासवर्ड होता, पण तो बाहेरच्यांसाठी. एकदा वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत आलं की सगळ्या खोल्यांच्या कड्या काढलेल्या.

मी ते घर बंद केलं. दोन ओळी टाइप करायला लागतात, अर्धं मिनिटसुद्धा नाही. मग दुसरं बघितलं. फाइल शेवटची कधी वाचली गेली, ती वेळ यंत्र लिहून ठेवतं. कांचन काल आलीच नव्हती; नोंदवही शेवटची वाचली गेली होती मंगळवारी, दुपारी तीन चाळीसला. त्या वेळी आत आलेलं माणूस एकच होतं. नारायण गडदे, वाचनालयाच्या घराचा. आणि तो आत आला होता ते चार नंबरच्या संगणकावरून. माझ्यापासून दोन हातांवर. मंगळवारी दुपारी तीन चाळीसला मी त्याला चहा सांगितला होता.

मग मी दुसऱ्या यादीची वेळ बघितली.

शुक्रवार, सकाळी दहा बेचाळीस.

आधी मला कळेचना. मग कळलं. दहा बेचाळीसला ती मीच उघडली होती, शकूताईंच्या देखत, दीडशहाण्यासारखी. यंत्र फक्त शेवटची वेळ ठेवतं. त्याआधी ती कुणी वाचली होती की नव्हती, हे सांगणारी एकच खूण होती आणि ती मी बघण्याच्या घाईत माझ्याच हातानं पुसली होती. माणसं काय काय टाइप करतात त्याचीही नोंद ठेवता येते. ती मी जागा वाचवायची म्हणून बंद करून टाकली होती.

मी कपाळावर हात मारून बसलो. 

बाराच्या सुमाराला नारायण गडदे आला. मंगळवार आणि शुक्रवार हे त्याचे दिवस. तासगावकडच्या एका गावात वाचनालय सांभाळायचा. पंचेचाळिशीचा, कानावर केस पिकलेले, सदऱ्याच्या खिशात दोन पेनं. माझा सगळ्यांत चांगला विद्यार्थी. आल्या आल्या त्यानं नेहमीसारखी पेरूची पिशवी टेबलावर ठेवली.

"सर, आज काय शिकवताय?"

"बसा, नारायणराव. मंगळवारी तुम्ही वळचणीच्या घरात गेला होता."

तो हसत होता, ते हसू गेलं. पण नाही म्हणाला नाही. सावकाश बसला.

"तुमीच म्हणालता की. समद्यांची घरं हिंडा, बघून शिका."

"गोपनीय लिहिलं होतं ना तिथं?"

"व्हय. म्हणून तर उघडलं." तो खाली बघून म्हणाला. "आमच्या वाचनालयात ज्या पुस्तकाला कवर घालून ठेवतो, तेच पोरं आदी मागत्यात. मला वाटलं, काय तरी शिकण्यासारखं असंल. उघडलं तर नावांची यादी. आणि त्यात आमच्या भावजयीचं नाव."

"कोण भावजय?"

"कांचन. माझ्या धाकट्या भावाची बायकू."

मला हे तोवर माहीत नव्हतं. दोन महिने दोघं याच खोलीत यायचे, ती सोमवारी आणि गुरुवारी, हा मंगळवारी आणि शुक्रवारी. एका वारानं चुकत राहिले होते.

"आणि तुम्ही भावाला सांगितलं."

"सर, चार महिनं झालं, तो धड जेवत न्हाई. पोरीचं फ्राक उशाला घिऊन निजतोय. आई आंथरुणाला खिळलीया. मी यादीत पोरीचं नाव वाचलं. काय करायचं हुतं मी? गप बसायचं?"

"त्यानं तिच्यावर रॉकेल ओतलं होतं."

"भांडणात झालं ते. काडी काय वढली न्हवती."

"ओढली होती. पेटी ओली होती म्हणून पेटली नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं. खरंच त्याला ठाऊक नव्हतं की आता ठाऊक नसल्यासारखं करत होता, ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

"ते मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

आता विचारायचं ते एकच होतं. कसं विचारावं याचा विचार करायला हवा होता, तो मी केला नाही.

"आणि दुसरी यादी? ती वाचली का तुम्ही?"

"दुसरी?" तो म्हणाला. "कुठली दुसरी?"

अगदी सहज म्हणाला. डोळ्याला डोळा देऊन. मला इतकं हायसं वाटलं की त्याच्या पायांवर डोकं ठेवावं असं वाटलं. यानं दुसरी यादी वाचलीच नाही. वाचली असती तर चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असतं. असं मी स्वतःला सांगितलं आणि स्वतःचं लगेच ऐकलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तसं.

"तुम्ही आता जा," मी म्हणालो. "आणि उद्यापासून येऊ नका."

तो उठला. दारात थोडा थांबला. "पेरू ठिवलेत," म्हणाला आणि गेला.

दोन वाजता शकूताई आल्या. या वेळी चपला बाहेर काढून आल्या आणि खुर्चीत बसल्या. सकाळपेक्षा दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. मी त्यांना नारायणचं सगळं सांगितलं. घर उघडं कसं होतं, तेही सांगितलं, पण अशा शब्दांत की चूक यंत्राची वाटावी. 

"दुसरी यादी?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही वाचली."

"नक्की?"

"नक्की."

त्या पुढे वाकल्या. तीस वर्षं कागद तपासलेल्या बाईची नजर होती ती. "श्रेणिक, हे यंत्र सांगतंय की तू सांगतोयस?"

किती साधा प्रश्न. माझ्याजवळ यंत्राचं काहीही नव्हतं. एका माणसाचा शब्द होता, आणि तोही ज्यानं तीन दिवसांपूर्वी कांचनला दाखवून दिलं होतं त्याचा. खरं सांगायचं तर दहा बेचाळीसचं सांगावं लागलं असतं. म्हणजे उघडं घर माझं, पुसलेली खूणही माझी. ते माझ्या जिभेवर येईना.

"यंत्र," मी म्हणालो.

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. "देव तुझं भलं करो रे. माझ्याबरोबर तिला कुणी बघता कामा नये. तू तिला गाडीत बसवून ये."

स्टँडवर कांचन मुतारीच्या भिंतीशी उभी होती, अंगावर शकूताईंची जुनी साडी, डोक्यावरून पदर. हाताशी पोरगी. सहा वर्षांची असेल, स्वेटर घातलेली, खोकत होती. मी पिशवी घेतली आणि आजऱ्याच्या गाडीत मागच्या बाजूला त्यांना जागा धरून दिली. गाडी सुटायला दहा मिनिटं होती. पोरगी खिडकीशी बसून शेंगदाणेवाल्याकडे बघत होती. मी शेंगदाणे आणून दिले. आता उतरायचं आणि जायचं, एवढंच राहिलं होतं.

"सर," कांचन म्हणाली. मला वाटतं, तिनं आपण होऊन मला मारलेली ती पहिली हाक. "काल रातभर डोळ्याला डोळा न्हाई. म्हटलं, आता जाईन तितं त्यो येणार. मग ताई म्हणाल्या, यंत्रानं सांगितलंय, माणूस खोटं बोलंल, यंत्र बोलत न्हाई. तवा जरा जिवात जीव आला."

मी उतरायला वळलो होतो, तो तिथंच उभा राहिलो. 

मी तिच्या पुढच्या बाकावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. भराभर, गाडी सुटायच्या आत. घर मी उघडं ठेवलं, तुमचं नाव नारायणनं वाचलं, दुसऱ्या यादीचं कुणालाच माहीत नाही, कारण मी ती उघडली आणि खूण गेली. यंत्रानं काहीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं. घाबरून सांगितलं.

ती ओरडेल, शिव्या देईल, निदान रडेल असं मला वाटलं होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"नारायणभावजी काय म्हणाले?"

"दुसरी कुठली, असं म्हणाले. मला खरं वाटलं."

"वाटंल की," ती म्हणाली. "त्यांचं समद्यास्नी खरं वाटतं. लग्न ठरवायला आमच्या घरी तेच आल्ते. माझ्या बापाला म्हणाले, भाऊ माझा लई शांत हाय, कदी आवाज चढवून बोलायचा न्हाई. अगदी डोळ्यात बगून म्हणाले."

ड्रायव्हर चढला. गाडी हादरून सुरू झाली.

"उतरा," मी म्हणालो. "परत चला. ताई दुसरं घर बघतील."

"ती चारी घरं मीच टायप केलीयात, सर. चारीबी एकाच कागदावर हायती." तिनं पोरीच्या मांडीवरची शेंगदाण्यांची पुडी नीट मिटली आणि पिशवीत ठेवली. "आणि ताईंकडं परत गेले तर त्यो ताईंच्या दारात येणार. न्हाई. मी बसते. आजऱ्याला न्हाई उतरत. मदी कुटंतरी उतरीन."

"कुठं?"

"ते इचारू नका."

"ताईंना काय सांगू?"

"सांगा, गेली. कुटं गेली ते तुमाला ठावंच न्हाई, तर सांगणार काय?" पहिल्यांदा तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. राग नव्हता त्या नजरेत. राग असता तर मला सोपं गेलं असतं. "सर, एक करा. कुटं लिवून ठिवू नका. मी गेले, ह्या गाडीनं गेले, कायबी लिवू नका."

कंडक्टरनं दोरी ओढली. मी चालत्या गाडीतून उतरलो. पोरगी काचेतून मला टाटा करत होती, कुणी शिकवलं असेल तसं, हात उलटा धरून.

त्याच पावली मी शकूताईंच्या घरी गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून त्यांनी ऐकलं. 

"म्हणजे आता मलासुद्धा ठाऊक नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, ताई."

"चार वर्षांत एकही बाई अशी गेली नव्हती. जिथं गेली तिथनं ख्यालीखुशाली यायची. पत्र यायचं. बारशाचे पेढे यायचे." त्यांनी डोळे पुसले. "तू घाबरून खोटं बोललास, ते मी विसरेन. माणूस घाबरतो. यंत्राचं नाव घेऊन बोललास, ते नाही विसरणार."

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. मी उठलो.

नवव्या दिवशी केंद्रात फोन वाजला. शकूताईंचा आवाज होता.

"आजऱ्याला आले होते. दोघंजण. थांब्यावर उतरून बरोबर ती खूण सांगितली, आणि दार उघडायला लावलं."

"मग?"

"मग काय? घरात माझ्या मैत्रिणीशिवाय कुणी नव्हतं. गेले." मग त्या म्हणाल्या, "तू गाडीत सांगितलं नसतंस तर ती तिथं असती." आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर कानाशी धरून तसाच उभा होतो. नारायण डोळ्याला डोळा देऊन म्हणाला होता, दुसरी कुठली. त्याचा राग यायला हवा होता. आला तो माझाच.

बाकीची दहाही घरं मी त्या शुक्रवारी संध्याकाळीच बंद करून टाकली होती. लोक कुरकुरले. तालमीचे वस्ताद माझ्याकडे बघून म्हणाले, "कोरे साहेब लई कडक झाले." मी ऐकून घेतलं. पुढं मी हाच धंदा केला, आधी सांगलीत, मग पुण्यात. सर्व्हर सुरक्षित कसे ठेवायचे ते पोरांना शिकवतो. मालक, गट, इतर हे फळ्यावर लिहितो, तेव्हा 'इतर' या शब्दाशी दर वेळी हात किंचित थांबतो. पोरांना वाटतं, सरांना पुढचं आठवत नाही.

शकूताई सहा वर्षांनी गेल्या. शेवटच्या आजारात मी भेटायला गेलो होतो. पोस्टमन आला की त्या कूस बदलून दाराकडे तोंड करायच्या. कुणाचं पत्र यायचं राहिलंय, हे त्यांच्या सुनेला ठाऊक नव्हतं. मला होतं. ते शेवटपर्यंत आलं नाही.

ती पोरगी आता तिशीच्या घरात असेल. आजकाल कुणालाही शोधायला मिनिट लागत नाही. नाव टाकलं की माणूस पुढ्यात येतं, फोटोसकट. माझ्या धंद्यात तर आणखीच सोपं. कित्येकदा बोटं तिथवर गेली आहेत. ती जिवंत आहे एवढं कळलं तरी पुरे, असं वाटतं. पण शोधलेलं कुठंतरी राहतं, आणि राहिलेलं कुणीतरी वाचतं. मी तिचं नाव आजवर कुठल्याही यंत्रात टाकलेलं नाही.

इथंही नाही. वर लिहिलेली गावं ती नव्हेत, गाडीही ती नव्हे. आणि कांचन हे तिचं नाव नाही.